कोणत्या भाषेत मोजायचं, कोणत्या अक्षरांत वाचायचं

“पंचवीस लिही” म्हटल्यावर आमच्या मुलीनं पाटीवर ५२ लिहिलं. मी पुसलं, समजावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ५२. तेव्हा ती सहा वर्षांची होती. नागपूरहून बदली होऊन आम्ही भिलाईत, सुपेल्याच्या पलीकडे कोहक्यात राहायला आलो होतो. तिची मराठी माध्यमातली पहिली अर्ध्यावर सुटली होती. इथं हिंदी माध्यमात घालावं की इंग्रजी, हे ठरत नव्हतं. म्हणून काही महिने घरीच शिकवू म्हटलं आणि त्या काही महिन्यांची दोन वर्षं झाली. त्या काळात वाचन आणि गणित या दोन विषयांसाठी हाताला लागलेली जवळपास सगळी पुस्तकं मी चाळली. काही पुरी केली, काही अर्ध्यात ठेवली. देशात आणि बाहेर काय काय आहे आणि आपल्यासारख्या घराला त्यातलं काय चालतं, हे आता जरा नीट मांडता येईल असं वाटतं.

आपल्यासारखं घर म्हणजे कोणतं, ते आधी सांगते. छत्तीसगढात मराठी माणूस नवा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य रतनपूरला आलं, तेव्हापासूनची घरं रायपूर-बिलासपूरकडे आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नोकरीसाठी आलेल्या लोकांत मराठी कुटुंबंही होती. या घरांतली मुलं घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, दुकानात हिंदी बोलतात आणि शाळेत बहुधा इंग्रजी किंवा हिंदी शिकतात. पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, पण त्यांचं काम हिंदीत. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत त्यांनीच नेलं. दोन भाषा एकमेकींना मारत नाहीत याचा याहून चांगला दाखला इथल्या मराठी आईबापांना मिळणार नाही. प्रश्न एवढाच, की सहा वर्षांच्या मुलासमोर आधी काय ठेवायचं.

घरशाळेची पुस्तकं शोधायला लागलं की पहिल्यांदा अमेरिकन संच पुढ्यात येतात. तिथं लाखो मुलं घरी शिकतात, त्यामुळे बाजार मोठा. वाचनासाठी १९८३ मध्ये निघालेलं शंभर धड्यांचं प्रसिद्ध पुस्तक आहे, ज्यात पालकानं नेमकं कोणतं वाक्य बोलायचं तेही छापलेलं आहे. गणितासाठी ऑक्लाहोमातले निवृत्त हवाईदल अधिकारी जॉन सॅक्सन यांची मालिका आहे. रोज थोडंसं नवं आणि पुष्कळशी जुन्याची उजळणी, ही तिची रीत. १९८२ पासून सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयानं घडवलेलं गणितही तिथल्या घरांत लोकप्रिय आहे. त्यात वस्तू आधी, मग चित्र, मग आकडे. ही पुस्तकं वाईट नाहीत. गणिताची तर उत्तम आहेत. पण वाचनाचे संच आपल्या मुलासाठी आणताना एक गोष्ट विसरली जाते: ते इंग्रजी स्पेलिंगच्या दुखण्यावरचं औषध आहे. एकाच अक्षराचे चार उच्चार, एकाच उच्चाराची चार स्पेलिंगं, म्हणून त्यांना ध्वनींचे नियम दोन-दोन वर्षं घोटावे लागतात. देवनागरी वाचणाऱ्याला तो आजारच नाही. आपलं दुखणं वेगळं आहे.

आपल्याकडे जे लिहिलं ते बहुतेक तसंच वाचलं जातं. अडचण संख्येची आहे. तीसच्या वर व्यंजनं, त्यांची बाराखडी धरली तर चारशेच्या वर आकृत्या, आणि त्यांवर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम या बाबतीत फार उपयोगी आहे: अक्षरांवर पुरती पकड यायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो, असं त्यांना दिसलं. मराठीचं वेगळं नसावं. म्हणजे ‘पहिलीत वाचता आलंच पाहिजे’ हा आपला धाक अक्षरांच्या स्वभावाशी जुळणारा नाही. माझ्या मुलीला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ सातव्या वर्षी नीट येत नव्हते म्हणून मी रडकुंडीला आले होते. हे आधी वाचलं असतं तर तिचे काही दिवस सुखाचे गेले असते.

मग क्रम काय धरायचा? आपल्या आजीच्या काळची रीत म्हणजे अ ते ज्ञ संपूर्ण मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. यात मूल पहिला अर्थपूर्ण शब्द वाचेपर्यंत सहा महिने जातात. दुसरी रीत अक्षरगटांची. क, म, न, ल ही चार अक्षरं आणि एक काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, मान, काम, मका, काल, लाल, कमल इतके शब्द पहिल्या दोन आठवड्यांत वाचता येतात. मग ‘काका मका आण’ म्हणायला फक्त ‘आ’ आणि ‘ण’ हवेत. मूल तिथंच हसतं आणि पुढचं अक्षर स्वतः मागतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे गावी क्वेस्ट या संस्थेनं मराठी वाचनशिक्षणावर मोठं काम उभं केलं आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा तीन वर्षं मागोवा घेतला आणि २०१७ मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्यातून जे चित्र पुढे आलं ते घरी शिकवणाऱ्यांनीही मनावर घ्यायला हवं. बरीच मुलं तिसरीपर्यंत सलग मजकूर वाचू शकत नव्हती, आणि वर्गात अर्थाविषयी बोलणं जवळजवळ नव्हतंच. नक्कल, पाठांतर, फळ्यावरून उतरवणं यांतच वेळ जात होता. घरात चाळीस मुलं नसतात. एकाच मुलाशी गोष्टीबद्दल गप्पा मारता येतात, आणि तेच आपण बहुधा करत नाही. आपण ‘वाच पाहू’ म्हणतो आणि चुका मोजतो.

कोहक्यासारख्या ठिकाणी अक्षरांचा आणखी एक गुंता आहे. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी, म्हणून एक आली की दुसरी आपोआप, असं मानलं जातं. बरंचसं खरंही आहे. पण हिंदी पुस्तकात मराठी वळणाचे ल आणि श दिसत नाहीत. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणं प्रमाण ठरवली. हिंदीत ‘ळ’ नाही, मराठीत ‘ड़’चा नुक्ता नाही, आणि ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले ‘च’ मराठीत वेगळे तर हिंदीत एकच. आम्ही मराठी आधी धरली, कारण घरात बोलली जाते तीच भाषा वाचताना मुलाला अर्थ लागतो. हिंदी सहा महिन्यांनी सुरू केली. ती दोन महिन्यांत आली. उलट क्रमानं हे इतक्या सहज झालं नसतं, असं माझं मत आहे, आणि गल्लीतल्या ज्या घरांनी फक्त इंग्रजीनं सुरुवात केली त्यांची मुलं पाहून ते पक्कं झालं आहे.

पुस्तकांचं म्हणाल तर पैसे फार लागत नाहीत. पुण्यातली पाठ्यपुस्तक निर्मिती संस्था, म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेली आपली बालभारती, तिची पहिली-दुसरीची पुस्तकं महाराष्ट्राबाहेर बसूनही मोफत उतरवून घेता येतात. संस्थेचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. हिंदीसाठी एनसीईआरटीची २०२३ ची ‘सारंगी’ आहे, आणि त्याहून माझी आवडती म्हणजे ‘बरखा’ मालिका: चाळीस छोटी पुस्तकं, चार पायऱ्यांत. प्रत्येक पुस्तकात एका पानावर एक-दोन वाक्यं. मराठीत अशी पायऱ्यांची मोठी मालिका सहज हाताला लागत नाही, ही खंत आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मात्र पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत मिळतात. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं आणि पुढे ‘वाचू आनंदे’चे चार भाग घरात असावेतच. ‘वाचू आनंदे’ पाठ्यपुस्तक नाही, पण मूल सात-आठ वर्षांचं झालं की भाषेचा खरा अभ्यासक्रम तिथं आहे असं मला वाटतं. ‘लिहावे नेटके’ त्यानंतर. परदेशातली मराठी घरं हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवतात. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा भरतात आणि त्यांचा अभ्यासक्रम भारती विद्यापीठाशी जोडलेला आहे. भिलाईतल्या मुलाला मात्र मराठी रोज कानावर पडते, म्हणून त्याला एवढ्या बांधलेल्या आराखड्याची गरज नाही.

आता ते ५२. चूक मुलीची नव्हती, भाषेची होती. मराठीत आपण ‘पंच-वीस’ म्हणतो: आधी पाच, मग वीस. लिहिताना आधी दोन. शेजारच्या तेलुगू घरातला तिच्याच वयाचा मुलगा ‘इरवै ऐदु’ म्हणतो, म्हणजे ‘वीस पाच’, आणि तो असं कधी उलट लिहीत नव्हता. ते ऐकून मला २०१९ चा वाद आठवला. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीनं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत टिंगल गेली. तेव्हा मीही हसले होते. सहा वर्षांच्या मुलीला शिकवायला बसल्यावर त्या किती बरोबर होत्या हे कळलं. एकवीस ते नव्व्याण्णव ही जवळजवळ ऐंशी वेगळी नावं आहेत, त्यांत जोडाक्षरं आहेत, आणि क्रम लिखाणाच्या उलटा आहे. जुनी नावं पुसायची नव्हती. मुलाला आधी संख्या दिसावी, मग तिचं नाव कळावं, एवढंच होतं. आम्ही तेच केलं. तीन महिने पंचविसाला ‘वीस आणि पाच’, ‘दोन दशक पाच’ म्हणत गेलो, आणि शेजारी ‘पंचवीस’ हे नाव असंच कानावर पडू दिलं. ५२ ची चूक गेली.

त्यावर कोहक्याचा ताण असा, की नावं दोन भाषांतली. मराठीत एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद: एक कमी सत्तर, एक कमी ऐंशी, एक कमी नव्वद, अशी ओळ सरळ चालते आणि फक्त नव्व्याण्णवला मोडते. हिंदीत उनहत्तर, उनासी अशी ती ओळ चालते आणि नवासीलाच मोडते, कारण नवासी म्हणजे ‘नऊ आणि ऐंशी’. मोठ्या हिंदीभाषक माणसांचीही उनासी-नवासीत गल्लत होते. म्हणून एकदम दोन्ही भाषांत मोजायला लावू नये, हे माझं ठाम मत झालं. शंभरापर्यंतची नावं एका भाषेत घट्ट झाली की दुसरी भाषा आठवड्याच्या कामाची गोष्ट आहे. आकड्यांचंही तसंच. बालभारतीच्या प्राथमिक गणितात देवनागरी अंक, एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकातही आंतरराष्ट्रीय अंक. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 सारखे दिसतात. एकाच वहीत दोन्ही आले की मूल अडतंच. शाळेत पुढे आंतरराष्ट्रीय अंकच लागणार म्हणून आम्ही गणितात ते धरले आणि देवनागरी अंक कॅलेंडरवर वाचायला ठेवले.

गणिताच्या पुस्तकात शेवटी आम्ही स्थिरावलो ते एनसीईआरटीच्या ‘आनंदमय गणित’वर, आणि तिसरीच्या ‘गणित मेला’वर. कारण त्यांची रीत. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात ती चार पावलांत सांगितली आहे: आधी वस्तूंचा अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र, मग चिन्ह. सिंगापूरच्या गणिताचा गाभाही हाच, फक्त इथं बोलणं वेगळं पाऊल म्हणून काढलं आहे, आणि घरी ते पाऊल सर्वांत सोपं आहे. शाळेत बोलायला वेळ नसतो. डाळ मोजताना, शेंगा वाटताना ‘तुला किती, मला किती, उरल्या किती’ हे वर्षभर बोललं तर भागाकार शिकवावा लागत नाही, फक्त लिहायला शिकवावा लागतो. साहित्यात दोन गोष्टी आम्हाला खरोखर लागल्या: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि शंभर मण्यांची गणितमाळ, दहा लाल, दहा पांढरे अशी आलटून पालटून ओवलेली. वजाबाकीत ‘हातचा’ घेणं म्हणजे नेमकं काय, ते गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्ट्या केल्यावर तिला कळलं. त्याआधी मी वहीत वीसदा समजावलं होतं.

पण एनसीईआरटीच्या पुस्तकाचा तोटाही सांगायला हवा. सराव कमी आहे. वर्गात शिक्षक तो भरून काढेल असं गृहीत आहे, घरात ते आपल्यालाच करावं लागतं. इथं सॅक्सनची रीत उसनी घ्यावी. पुस्तक नको, फक्त सवय: रोज पाच उदाहरणं, त्यांतली चार जुनी, एक नवं. जपानात १९५४ मध्ये तोरू कुमोन या गणित शिक्षकानं दुसरीतल्या मुलासाठी रोज थोडी थोडी गणितं कागदावर लिहून द्यायला सुरुवात केली. आज जगभर चालणारे कुमोनचे वर्ग त्या बापाच्या कागदांतून निघाले. म्हणजे तेही मुळात घरातलंच काम. त्याचे दर महिन्याचे पैसे भरण्याआधी तसे कागद आपल्याला लिहिता येतात का, हे एकदा पाहावं.

मुलाची सुरुवात कुठून करायची हे ठरवायला विकतची चाचणी नको. असर सर्वेक्षणाची साधनं हिंदी-मराठीत मोफत आहेत: वाचनासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि गणितात आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. दहा मिनिटांत कळतं. २०२४ च्या असरमध्ये ग्रामीण भारतात तिसरीतली २७.१ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली आणि ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी जमली. हे आकडे आपल्या मुलाशी तुलना करायला नव्हेत. तिसरीचं पुस्तक हातात आहे म्हणून मूल तिसरीत आहे असं नसतं, हे लक्षात राहावं म्हणून सांगते. आमची मुलगी वाचनात वयापुढे होती आणि गणितात मागे. घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, की दोन विषय दोन वेगळ्या इयत्तांत ठेवता येतात, आणि संच विकणारे नेमका तोच घालवतात, कारण ते एका इयत्तेचा पूर्ण डबा देतात.

या सगळ्यात ज्याची आठवण कोणी काढत नाही ते छत्तीसगढातच घडलं. महामारीत शाळा बंद असताना २०२१ मध्ये इथं ‘अंगना म शिक्षा’ सुरू झालं. गावोगावी मेळे भरले, आयांना वस्तूंचे गट करणं, मोजणं, चित्रावरून बोलणं अशा गोष्टी घरातल्याच सामानानं मुलांकडून करून घ्यायला शिकवलं. त्यातल्या कितीतरी आयांना स्वतःला नीट लिहिता-वाचता येत नव्हतं. महागड्या संचांविषयी बोलताना मला ते मेळे आठवतात. मुलाचं शिकणं कशानं हलतं, ते तिथं दिसत होतं: आई मुलासमोर बसते, हातात बिया असतात, आणि ती विचारते.

कायद्याविषयी थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळा हा शब्द नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य कलम १० सांगतं, पण त्यासाठी पालकाला दंड सांगत नाही. आमच्यासारख्यांच्या कामाचं आहे ते कलम ४: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो. म्हणून परतीचा रस्ता बंद होत नाही. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, रायपूरला राज्याचंही मुक्त विद्यालय आहे. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळेबाहेर शिकली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. पण तिच्या आईनं तिच्यासाठी खास आखणी केली होती आणि त्यासाठी नोकरी सोडली होती. हे उदाहरण देताना लोक पहिला भाग सांगतात, दुसरा सांगत नाहीत. घरशाळेचा खरा खर्च तो आहे.

आमची मुलगी आता इथल्याच शाळेत तिसरीत जाते. संध्याकाळी तिचे आजोबा तिला पावकी-निमकी शिकवतात. त्यांच्या लहानपणीच्या अंकलिपीत होती तशी: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि साडेतीनची औटकी. अपूर्णांकांचा धडा शाळेत यायला अजून वेळ आहे, पण पोळीचे चार तुकडे करून ‘चार पाऊण म्हणजे तीन’ हे तिला दिसलं आहे. अडीचकीपर्यंत दोघं आले आहेत. औटकी आजोबांनाही पुरती आठवत नाही. म्हणून ती ते दोघं वहीत नव्यानं मांडत आहेत, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीशेजारी ती अर्ध्या पोळ्या काढते.